मस्तानीची वही

ही वही आमच्या संस्थेतल्या घोड्यांची आहे. इथे अपंग मुलांवर घोड्यांच्या मदतीने उपचार होतात. मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जन्मभर गाईम्हशींच्या नोंदी लिहिल्या, म्हणून इथेही पेन माझ्याच हातात आलं. माणसांची नावं लिहायची नाहीत असं पहिल्या बैठकीत ठरलं. मुलीला मी ‘छोटी’ म्हणेन. फिजिओथेरपिस्ट त्या ताई, घोडे सांभाळणारे ते चाचा. घोड्यांची नावं मात्र आहेत तशीच आहेत.

11 फेब्रुवारी 2024, रविवार

दुपारी टेम्पो आला. सासवडच्या अलीकडून वाडीकडे वळलं की सगळी खडी, त्यामुळे घोडी उतरली तेव्हा चारी पाय लटपटत होते. वरातीची घोडी. मालकाने कागद लिहून दिला, पैसे मागितले नाहीत. एका लग्नात डीजेच्या गाडीपुढे ती अडली आणि नवरदेवासकट मागे सरकली. तेव्हापासून तिला काम नाही, आणि काम नाही म्हणून चंदी-दाणा नाही.

खांद्यापाशी उंची 142 सेंमी. छातीचा घेर 148, अंगाची लांबी 140. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, या हिशेबाने वजन 258 किलो. अंगावर किती मांस आहे याची 1 ते 9 ची पट्टी असते, तिच्यावर ही 2. बरगड्या लांबून मोजता येतात. मानेच्या मुळाशी खोगिराची जुनी जखम, वरून सुकलेली, आत पू. नाडी मिनिटाला 52. निवांत घोड्याची 28 ते 44 असते, पण यात प्रवासाचाही वाटा असेल. मालकाने वय आठ सांगितलं होतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची खाच अर्ध्यापर्यंत उतरली आहे, म्हणजे पंधराच्या आसपास.

मानेवर केसांची गोम आहे. गोमेचं जनावर लोक घेत नाहीत, घेतलं तर भाव पाडून. खरी गोम मला संध्याकाळी कळली. टोपी सारखी करायला मी हात वर नेला आणि घोडी अशी उलटी फिरली की पागेची मागची फळी तडकली. चाचा म्हणाले, “साहेब, हात वर गेला की चाबूक खाली येणार. तिला एवढाच हिशेब येतो.”

नाव मस्तानी. तेच ठेवलं. पुण्याच्या लोकांना हे नाव ऐकून आइस्क्रीम आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

14 फेब्रुवारी, बुधवार

ग्लँडर्ससाठी रक्त घेतलं, नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जाईल. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो. 2009 च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर द्यावी लागते, आणि बाधित निघालेलं जनावर जिवंत ठेवत नाहीत. अहवाल येईतो मस्तानी वेगळी, तिची बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा, आणि मुलांना तिच्या बाजूला बंदी. धनुर्वाताची लस दिली.

एक सद्गृहस्थ हरभऱ्याचं पोतं घेऊन आले. “भुकेली आहे बिचारी, पोटभर घाला.” त्यांना समजवायला अर्धा तास गेला. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा घातला तर रक्तातले क्षार घसरतात आणि भरल्या पोटी जनावर जातं. सध्या फक्त लसूण घास हा हिरवा चारा, थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. रात्री अकराचा आणि पहाटे चारचा घास चाचांकडे. पोतं राजाच्या कामी आलं. राजा म्हणजे आपला म्हातारा खच्ची घोडा, मुलांना तोच पाठीवर घेतो.

2 मार्च, शनिवार

अहवाल आला, ग्लँडर्स नाही. चाचांनी कागद डोळ्यांना लावला.

नालबंद येऊन गेला. दातांच्या धारा घासून घेतल्या, त्या गालात रुतत होत्या. घेर 152, म्हणजे 272 किलो. जखम भरते आहे, पण तिथे पुन्हा खोगीर ठेवायचं नाही असं पशुवैद्य बजावून गेले.

चाचांबद्दल दोन ओळी, नाहीतर पुढच्या नोंदी कळायच्या नाहीत. ते मुंबईत व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, हाकायचे. उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल पाहता निकाल योग्यच होता असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालोही आहे. ते म्हणतात, “माझ्या घोड्यांचे हाल नव्हते.” तेही मला खरं वाटतं. आमचा हा वाद चहाबरोबर रोज होतो.

6 एप्रिल, शनिवार

नवीन मूल, छोटी. वय नऊ, वजन 19 किलो. जन्मल्यावर कावीळ फार चढली आणि मेंदूपर्यंत गेली, त्यातून डिस्कायनेटिक प्रकारची सेरेब्रल पाल्सी. म्हणजे स्नायू कायम आखडलेले नाहीत, ते तिच्या ताब्यात नाहीत. हात आपसूक उडतात, मान वळते. काही हवंसं वाटलं, कुणी हाक मारली, दचकली, की जास्तच. ताईंनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवतो: झोपेत हे सगळं थांबतं.

बोलता येत नाही, समजतं सगळं. चित्रांचा तक्ता आहे, त्यावर ती नजर रोखते. ‘हो’ला डोळे वर, ‘नाही’ला डोळे घट्ट मिटायचे.

खुब्यांचा एक्स-रे ताईंनी आधीच पाहिला होता, सांधे जागेवर आहेत. राजावर बसवली. पुढे चाचा, दोन बाजूंना दोघे, पाठीवर खोगीर नाही, नुसतं जाड कांबळं, म्हणजे घोड्याची ऊब लागते. चालत्या घोड्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली अशी तिन्ही अंगांनी हलते आणि बसलेल्याची कंबर चालणाऱ्या माणसासारखी फिरते. या उपचाराचा सगळा डोलारा त्यावर आहे. चार मिनिटांत छोटीचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं आणि तिने किंकाळी फोडली. ताईंनी लगेच उतरवली. आई म्हणाली, “सवय होईल ना, काका?” मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “नको. ती नाही म्हणतेय, ऐकू या.”

तिची खुर्ची मग रिंगणाच्या बांबूंपाशी लावली. आत मस्तानी मोकळी होती. छोटीने तिच्याकडे पाहिलं, पाहिलं म्हणजे दोन्ही हात उडाले. मस्तानी पळून समोरच्या टोकाला. रिंगण 40 फूट रुंद आहे, पन्नास असतं तर पन्नासावर गेली असती.

ताई आणि मी दोघांनीही वेगवेगळं हेच लिहिलं: ही जोडी जमवू नये.

खुर्चीचं डावं चाक किंचाळतं. ग्रीस लावायचं.

20 एप्रिल, शनिवार

ऊन फार. मुलं कडुलिंबाखाली. छोटीची आई रात्रभर जागी होती, सतरंजीवर लवंडली. छोटीलाही खुर्चीत झोप लागली. बांबूंना लागूनच खुर्ची, चाकांना ब्रेक. मी पलीकडे वैरण मोजत होतो.

मस्तानी आली. सरळ नाही, बाजूबाजूने, मध्ये थांबत, जणू दुसरीकडेच निघाली आहे. दोन फुटांवर उभी राहिली आणि मान लांब करून हुंगायला लागली, आधी चाक, मग पायाचा पट्टा, मग मांडीवर पडलेला हात. निजलेला हात. तो हलत नव्हता.

चाचा दुरून पाहत होते. आम्ही दोघेही बोललो नाही. चार-पाच मिनिटं गेली असतील. मग छोटी जागी झाली, जागी होताना दचकली आणि हात उडालेच. मस्तानी वळली, पळाली आणि थांबली. जाऊन पावलं मोजली: 15 फूट. चाळीस नव्हे.

संध्याकाळी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, “आजवरची नोंद खोडू नका. खाली नवीन लिहा.” तर लिहितो: ही जोडी जमवून पाहावी, पण पाठीवर नाही, जमिनीवर. घोडी मोकळी, दोरी नाही. तिला हवं तेव्हा जाता आलं पाहिजे, तरच ती थांबली याला अर्थ. दर शनिवारी वीस मिनिटं. मोजायचं एकच, हात उडाला की घोडी किती फुटांवर जाऊन थांबते.

ग्रीस राहिलं.

4 मे, शनिवार

12 फूट. छोटीच्या आईने गाजरं आणली होती. हात उडून झाल्यावर, घोडी थांबली की चाचा एक तुकडा टाकतात. हात येतो, त्याच्यामागून मार येत नाही, गाजर येतं.

सोमवार ते शुक्रवार आपणच हात उडवून सराव करून घ्यावा म्हणून मी जुन्या शर्टाच्या बाहीत कापूस भरला, काठीला बांधला आणि रिंगणाबाहेरून हलवला. काठी दिसताच मस्तानी गायब. चाचांनी ती बाही काढून घेतली. “ही अक्कल सरकारी नोकरीत शिकलात का, साहेब?”

11 मे, शनिवार

9 फूट.

18 मे, शनिवार

चूक माझी, म्हणून सविस्तर.

संस्थेला मदत करणारे पाहुणे आले होते. ‘ती घोडी आणि ती मुलगी’ दाखवा म्हणाले. पाहुण्यांना मोकळी घोडी लांब उभी दिसेल, काय कळणार त्यांना, म्हणून मी तिच्या तोंडाला मोरखी (दोरी बांधायचा पट्टा) घालून चाचांच्या हातात दोरी दिली आणि तिला बांबूंजवळ आणवली. पहिली चूक ही. तिच्या खांद्यावर गोमाशी बसली. मी हाकलायला हात उचलला. दुसरी चूक.

जायला वाट नाही म्हटल्यावर घोडी मागे ओढत उभी राहिली. दोरी चाचांच्या दोन्ही तळव्यांची साल घेऊन गेली, एक बांबू मोडून छोटीच्या खुर्चीच्या पावठ्यापाशी पडला. तिला खरचटलंही नाही. पण ती किंचाळत राहिली, हात, पाय, मान, सगळं एकदम. आई तिला घेऊन गेली.

पाहुण्यांनी जाताना विचारलं, “घोड्यावर बसलेला एखादा फोटो मिळेल का?”

25 मे, शनिवार

छोटी आली नाही. आईचा फोन आला. तक्त्यावर छोटी सारखी दोनच चित्रं दाखवते आहे, ‘घोडी’ आणि ‘भीती’. “तिला भीती बसलीय, काका. आम्ही आता नाही येत.”

काय बोलणार? बरं म्हटलं. चाचांचे तळवे भरताहेत. मस्तानी पुन्हा पहिल्यासारखी, चारा ठेवायला वाकलो तरी कोपऱ्यात जाते.

15 जून, शनिवार

ताई परवा छोटीच्या घरी गेल्या होत्या. तीन आठवडे होऊनही ती दोन चित्रं सुटली नव्हती. रोज सकाळी घोडी, भीती. आई दर वेळी म्हणायची, “हो गं बाळा, नाही जायचं आपण,” आणि ती रडायची. आईला वाटायचं, आठवणीने रडते.

ताईंनी तिच्यासमोर बसून विचारलं, “तुला भीती वाटते?”

डोळे घट्ट मिटले.

“मग कुणाला? घोडीला?”

डोळे वर. ताई सांगतात, वर म्हणजे पार छताला लागले.

आज सगळी आली. आई माझ्याशी काही बोलली नाही, मस्तानीच्या रिंगणाकडे खुर्ची ढकलत गेली. चाक किंचाळलं तशी मस्तानीने कान टवकारले. 25 फूट. पुन्हा पहिल्यापासून.

मी एकतीस वर्षं मुक्या जनावरांचं दुखणं ओळखण्याचा पगार घेतला. चार महिने घोडीची नाडी, घेर, दात, सगळं लिहिलं. हे मात्र त्या तक्त्यावरच्या दोन चित्रांत होतं आणि आम्ही चौघांनी चुकीचं वाचलं.

नवीन नियम: पाहुण्यांसाठी काही करायचं नाही. रिंगणात दोरी नाही. माशा बसू देत.

ग्रीस पुन्हा विसरलो.

2 जुलै, मंगळवार

माउलींची पालखी आज दिवेघाट चढून सासवडला. रस्ते बंद, मुलं येणार नाहीत. टाळमृदंग वाडीपर्यंत ऐकू येत होता. डीजेसारखं काही होईल म्हणून चाचा तिच्यापाशी बसून होते. तिने कान फिरवले आणि कडबा चघळत राहिली. मृदंगाशी तिचं भांडण नसावं.

चाचांना माउलींचे अश्व पाहायचे होते, अंकलीच्या शितोळे सरकारांचे. एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नाही, तिथे माउली बसतात. चाचा रात्री पाहून आले. “त्या घोड्याला किती इज्जत, साहेब. पाठीवर कुणीच नाही आणि लोक पाया पडतात.”

27 जुलै, शनिवार

पाऊस. चिखल. डाव्या मागच्या खुराच्या तळव्याला कुजका वास, रोज साफ करून औषध. 13 तारखेला 10 फूट होतं, आज पावसामुळे सत्र नाही.

10 ऑगस्ट, शनिवार

4 फूट. आणि ती स्वतः परत येते, गाजराची वाट न बघता.

छोटीचं बसणं सुधारलं का, असं ताईंना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मोजून दाखवण्याजोगं काही नाही. एक गोष्ट आईच्या लक्षात आली आहे. घोडी पुढे येत असताना छोटी श्वास धरून ठेवते आणि नजर खाली करते. हात उडू नयेत म्हणून. हात तरीही उडतातच, पण थोडे उशिरा. घोड्याकडे थेट टक लावून जाऊ नये, हे मी नव्या स्वयंसेवकांना शिकवतो. हिला कुणी शिकवलं नव्हतं.

2 सप्टेंबर, सोमवार

आज सत्राचा वार नव्हता. सोमवती अमावस्या म्हणून छोटीच्या घरचे सगळे जेजुरीला, देवाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते ती पाहायला. परतताना गर्दीतून वाट काढत इकडे वळले. आजी पहिल्यांदाच आल्या. गाडीतून उतरल्या त्या थेट रिंगणात. मी “आजी, थांबा” म्हणेपर्यंत भंडाऱ्याची मूठ उचलली, हात डोक्याच्या वर नेला, “येळकोट येळकोट” म्हणाल्या आणि मस्तानीच्या कपाळावर भंडारा लावला.

अनोळखी बाई, वर गेलेला हात, मोठा आवाज. जे जे करायचं नाही ते सगळं.

मस्तानीने मान उंच केली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. पाय हलले नाहीत.

मी आजींना रागावलो, तेही लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, “देवाचा घोडा हाय, भाऊ. त्याला काय इचारायचं?” चाचा मागे तोंड फिरवून हसत होते. आता घोडी दोन दिवस पिवळी राहणार.

21 सप्टेंबर, शनिवार

खुर्ची आज बांबूंच्या आत. चाकांना ब्रेक, माझ्या मागे मोकळी वाट, चाचा घोडीच्या खांद्याशी, दोरी नाही. ताईंनी छोटीला कोपराखाली आधार दिला होता, धरलं नव्हतं.

मस्तानी आली. छोटीचा हात उडाला आणि मानेवर बसला. बसला म्हणजे फाडकन, चापट मारल्यासारखा. कान मागे गेले, माशी बसल्यावर थरथरते तशी कातडी थरथरली. घोडी उभी. दुसरी चापट. उभी. तिसऱ्यांदा हात घसरून आयाळीखाली गेला. तिथे घोडा सगळ्यात उबदार असतो.

छोटीची मूठ कायम वळलेली असते. आंघोळीच्या वेळी आईला एकेक बोट सोडवावं लागतं. आयाळीखाली ती उघडली. माझ्या घड्याळाप्रमाणे 11 सेकंद. ताई म्हणाल्या, “एवढंच लिहा. उपचाराने उघडली असं लिहू नका.” बरं, लिहीत नाही.

19 ऑक्टोबर, शनिवार

बैठक. फोटोचा विषय पुन्हा. मे महिन्यातले पाहुणे मदत वाढवायला तयार आहेत, पण अहवालात मूल घोड्यावर बसलेलं दिसलं पाहिजे. कुणीतरी लिस हार्टेलचं उदाहरण दिलं. या कामात ते प्रत्येक बैठकीत येतं. डेन्मार्कची घोडेस्वार, 1944 मध्ये पोलिओ, गुडघ्याखाली पाय लुळे, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. सगळं खरं आहे. पण ती पोलिओच्या आधीपासून पट्टीची स्वार होती, तिला पाठीवर बसायचंच होतं. आमच्या मुलीने चार मिनिटांत नाही सांगितलं आहे.

शिवाय घोडीच्या पाठीवर जखमेचा वण आहे. 19 किलो तिला जड नाहीत, घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घ्यावं असा ढोबळ हिशेब आहे, त्यात ते सहज बसतात. पण तिच्या पाठीवर आता काही ठेवायचं नाही हे मार्चमध्येच ठरलं आहे.

राजावर बसणाऱ्या मुलांचे फोटो पाठवायचे असं ठरलं. ती मुलं खुशीने बसतात, त्यांच्या आईवडिलांची परवानगी आहे. पाहुण्यांना ते चाललं तर ठीक. नाही चाललं तर हिवाळ्याच्या घासाचं काय, हा प्रश्न माझ्याकडे आहे.

1 नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी सहापासून पागेची दारं बंद, खिडक्यांना पोती. चाचा आत. रात्री आठला छोटीच्या आईचा फोन. त्यांच्या सोसायटीत फटाके, आणि छोटी प्रत्येक आवाजाला दचकून खुर्चीत उसळते, तिला कुशीत घेऊन बसल्या आहेत. “ती तक्त्यावर परत घोडी-भीती करतेय. या वेळी मी नीट विचारलं. मस्तानी बरी आहे का, विचारतेय.”

फोन चाचांकडे नेऊन दिला. त्यांनी तो मस्तानीच्या तोंडापाशी धरला. ती घास चघळत होती. कचकच, कचकच, तेवढंच. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

7 डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. आजी जेजुरीला, त्यामुळे भंडारा पुढच्या आठवड्यात.

घेर 162, म्हणजे 309 किलो. नाडी 38. पाहुण्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. कडबा आणि घास जानेवारीअखेर पुरेल.

आजचं अंतर: मोजलं नाही. मोजायला काही नव्हतं. मस्तानी खुर्चीशेजारी एक मागचा पाय सैल सोडून पेंगत होती. छोटीचा हात अधूनमधून तिच्या खांद्यावर आपटत होता आणि ती खालचा ओठ लोंबवून तशीच उभी. चाचा म्हणाले, “माझ्या हाताला अजून मान उडवते. हिच्या हाताला नाही.” ते खरं आहे. माझ्या हाताला तर दोन पावलं मागे जाते.

सत्र संपल्यावर ग्रीसचा डबा घेऊन आलो, आठ महिन्यांनी का होईना. खुर्ची आडवी केली, चाक काढणार तेवढ्यात आई म्हणाली, “काका, नका ना लावू. गाडीतून खुर्ची काढून फाटकाशी ढकलायला लागले की चाक वाजतं आणि ती आतून खिंकाळते. ते ऐकायचं म्हणून ही शनिवारी सकाळी लवकर उठते.”

छोटीकडे पाहिलं. डोळे वर.

21 तारखेला नालबंद. खुराचं औषध संपत आलं आहे. चाकाला ग्रीस, हे काम यादीतून काढलं.